हातसफाई

माझं दुकान लग्नाच्या पोशाखांचं. झगे भाड्याने देते, नवरीच्या अंगाबरोबर करून देते, परत आले की डाग काढते. समोर, रस्त्याच्या पलीकडे, मोंधेरचा फोटो स्टुडिओ. एके काळी आमच्या काफ शहरात नवरी माझ्याकडून निघाली की सरळ त्याच्याकडे जायची. मग सगळ्यांच्या हातात फोन आले. नवऱ्या अजून माझ्याकडे येतात, कारण फोनमधून झगा निघत नाही. मोंधेरकडे उरले ते पासपोर्टचे फोटो आणि मेलेल्यांचे. घरात कुठेतरी सापडलेला सुरकुतलेला फोटो लोक घेऊन येत आणि भिंतीला शोभेल असा मोठा करून नेत.

या कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, हे आधीच सांगते. पाण्याने गेलेला, उंदराने खाल्लेला फोटो असो, तो कॉम्प्युटरच्या पडद्यावर मोठा करायचा आणि तांदूळ निवडावेत तसा एकेक डाग वेचायचा. कोटाचं तुटलेलं बटण दुसऱ्या बटणावरून बनवायचा. एक विधवा फोटो हातात घेऊन म्हणाली होती, "जिवंतपणी काही इतका नीटनेटका नव्हता हो हा." मोंधेरला ते कौतुक वाटलं.

जलीला त्याची बायको. ती गल्ल्यावर बसायची. गिऱ्हाईक नसेल तेव्हा, आणि गिऱ्हाईक बहुधा नसेच, ती फोटो-कागदाच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून त्यांच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने माणसं काढायची. तिला कोणी शिकवलं नव्हतं. नुकतंच गेलेलं गिऱ्हाईक, भाकरीवाली, समोरून जाणारा पोलीस, काहीही. तिची पद्धत अशी की चेहरा हाताला लागेपर्यंत ती रेघांवर रेघा ओढत राही. पाचातली एक रेघ नेमकी बसे, उरलेल्या चार तशाच राहत, खोडत नसे. सावली अंगठ्याने घासून करी. त्यामुळे तिचा अंगठा कायम काळा, आणि चित्रातली माणसं जरा हलल्यासारखी, आत्ता काहीतरी बोलतील अशी दिसत.

एकदा तिने मला काढलं. तोंडात टाचण्या धरून मी एका नवरीच्या आईला सुनावत होते, ते तिने काचेतून पाहिलं असणार. चित्र बघून मी म्हटलं, "बये, मी इतकी कजाग दिसते?"

"टाचण्या काढल्यास की आणखी दिसतेस," ती म्हणाली.

तेच चित्र मोंधेरने पहिल्यांदा स्कॅनरवर ठेवलं. पडद्यावर ते अगदी मरगळलेलं आलं. पुठ्ठा पिवळट-राखाडी, पेन्सिल फिकी, आणि माझ्या गालावरून स्कॅनरच्या काचेवरचा एक केस गेलेला. मोंधेर खुर्ची ओढून बसला. त्याने पुठ्ठ्याचा पिवळेपणा घालवला, काळं होतं ते काळं केलं, केस उचलला. मी आणि जलीला मागे उभ्या होतो. चित्र धुऊन वाळत घातलेल्या चादरीसारखं उजळलं.

"हे मी काढलंय?" जलीला म्हणाली. तिने मोंधेरच्या खांद्यावर हात ठेवला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या दोघांना मी इतकं खूश त्याआधी पाहिलं नव्हतं.

स्टुडिओचं एक पेज होतं नेटवर. त्यावर तोपर्यंत फक्त वेळा आणि ईदच्या शुभेच्छा असत. त्याने माझं चित्र तिथे टाकलं. संध्याकाळपर्यंत निम्म्या काफने मला रस्त्यात थांबवून टाचण्यांबद्दल विचारलं. मग भाकरीवाली टाकली, पोलीस टाकला. राजधानी ट्युनिसमधले, फ्रान्सला गेलेले आमच्याकडचे लोक बघायला लागले. कोणी लिही, 'हिला तर आमच्या गल्लीचा वास पण येतोय.' जलीला संध्याकाळी मला ते वाचून दाखवायची. तेव्हा सगळं चांगलं होतं.

पहिली कुरबूर त्या जास्तीच्या रेघांवरून झाली. त्या दिवशी मी चहा घेऊन गेले होते. जलीलाने पडद्याकडे बघून विचारलं, "या म्हाताऱ्याच्या कानामागची रेघ कुठे गेली?"

"दोन होत्या. एक काढली," मोंधेर म्हणाला.

"दोन्ही माझ्या होत्या."

"अगं, एक चुकलेली होती."

"चुकलेली नव्हती. शोधताना आलेली होती. ती मी ठेवली होती."

"लोकांना ती घाण वाटते, जलीला. मी काय तुझं वाईट करतोय का? फोटोवर सुरकुती असली तर मी काढतो की नाही?"

त्याचंही खोटं नव्हतं. रेघ काढलेल्या चित्राला जास्त लोकांनी वाहवा केली. मग पुढच्या चित्रातून तीन रेघा गेल्या. मग अंगठ्याने घासलेली सावली गुळगुळीत झाली. लोक कौतुकाने लिहू लागले, 'फोटोच वाटतो!' मोंधेरला यापेक्षा मोठी स्तुती माहीत नव्हती.

त्यानंतर सही गेली. जलीला खालच्या डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात नाव लिहायची. लोक चित्रं उचलून स्वतःच्या नावावर खपवायला लागले, म्हणून मोंधेरने चित्राच्या मधोमध पुसट असा स्टुडिओचा शिक्का मारायला सुरुवात केली. शिक्क्यावर त्याचं नाव. मग कोपऱ्यातलं ते बारीक नाव बाकी डागांबरोबर निघून गेलं.

"चोरांपासून वाचवतोय," तो म्हणाला.

पेजवर लोक त्याच्या नावाला आदराने 'सी' लावून लिहायला लागले, 'सी मोंधेर, अल्ला तुमच्या हाताला बरकत देवो.' आणि तो खाली उत्तर द्यायचा, 'त्याचीच कृपा.'

जलीलाने फोन माझ्यासमोर धरला. "वाच."

मी वाचलं. म्हटलं, "विचार त्याला."

तिने माझ्यादेखतच विचारलं. तो गोंधळला, मग चिडला. "आता प्रत्येकाला मी खुलासा देत बसू? पेज स्टुडिओचं आहे. स्टुडिओ माझ्या नावाचा आहे. चित्रं तू काढतेस हे सगळ्यांना ठाऊक आहे."

"कोणाला?"

"घरात सगळ्यांना."

त्यांच्या घरात ते दोघंच होते.

जलीलाची आई, आम्हा सगळ्यांची बेया खाला, डोंगरापलीकडच्या गावात एकटी राहायची. अंजिरं, चार शेळ्या आणि तिखट जीभ. आमच्याकडच्या जुन्या बायकांसारखं तिच्या हनुवटीवर गोंदण होतं, ओठाखालून खाली उतरणारी खजुराची फांदी आणि दोन्ही बाजूंना ठिपके. हिवाळ्यात ती लेकीकडे आली तेव्हा जलीलाने तिला काढलं. पुठ्ठ्यावर नाही, या वेळी चांगल्या कागदावर. म्हातारी मटार सोलत होती आणि सोलता सोलता सगळ्या गावाची उणीदुणी काढत होती. जलीला नेहमीपेक्षा सावकाश काढत होती. ओठांच्या आसपास तर तिने इतक्या रेघा ओढल्या होत्या की म्हातारीचं तोंड खरंच चालू असल्यासारखं दिसत होतं. गोंदणाचा ठिपका न् ठिपका तिने टोकदार पेन्सिलीने घातला. मी आजवर बघितलेल्या तिच्या चित्रांमधलं ते सगळ्यात चांगलं. बेया खाला बघून बराच वेळ गप्प बसली. ही गोष्ट तिच्या बाबतीत दुर्मीळ.

मग म्हणाली, "मेले की हेच लावा. फोटो नको. फोटोत मी मेल्यासारखीच दिसते."

दुसऱ्या दिवशी ते पेजवर आलं. जलीलाने आईला फोन दाखवला. म्हातारीने तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"कोण गं ही? कोणी पेन्शनवाली बाई दिसते. ट्युनिसची."

जलीलाने फोन हिसकून घेतला. चित्रात हनुवटी कोरी होती. नुसती पुसली नव्हती, तिथे कातडी बनवली होती. गालावरून घेतलेली, नीट छटा जुळवलेली, कुठे सांधा म्हणून दिसत नव्हता.

"मोंधेर!"

तो आतल्या खोलीतून आला आणि मायलेकींची तोंडं बघून त्याने आधीच दोन्ही हात वर केले. "ऐका तर खरं. खाला, आजकाल लोक गोंदणाला हराम म्हणतात. चित्राखाली भांडणं सुरू होतात. कोणी तुमच्याबद्दल वाईटसाईट लिहिलं असतं. तुमच्याच भल्यासाठी केलं मी."

"माझ्या भल्यासाठी?" बेया खाला म्हणाली. "जावईबापू, हे माझ्या मावशीने सुईने टोचलं आणि तव्याची काजळी भरली. तोंड असं सुजलं होतं की घास जाईना. नवरा गेला, दात गेले, ते नाही गेलं. अल्लाला पुसायचं असतं तर त्याने पुसलं असतं. तुला कोणी नेमलं?"

"खाला, फक्त चित्रातून—"

"उद्या कोणी म्हणालं नाक हराम, तर नाकही काढशील?"

मला हसू आलं. जलीलाला आलं नाही. तिने एवढंच म्हटलं, "ते पुन्हा घाल. किंवा चित्र काढून टाक."

"आता? हजारो लोकांनी बघितलंय. आता बदललं तर विचारतील."

चित्र तसंच राहिलं. त्याच्यावर लोकांनी लिहिलं, 'प्रत्येकाच्या आजीचा चेहरा.' बेया खाला दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने गावाला गेली. जाताना तिने चित्राचा मूळ कागद मागितला. मोंधेर म्हणाला, तो जपून ठेवायला हवा, पुढे लागेल.

आणि खरंच लागला. वसंतात ट्युनिसहून इस्महान नावाच्या बाईचा फोन आला. राजधानीत तिचं चित्रांचं दालन होतं. पेन्सिलीची चित्रं करणाऱ्या चार जणांचं प्रदर्शन ती भरवत होती. पेजवरची चित्रं मोठी छापून लावायची होती, शेजारी मूळ कागद हवे होते, आणि उद्घाटनाच्या दिवशी प्रत्येक चित्रकाराने लोकांसमोर एक चित्र काढायचं होतं. मोंधेरने शेवटचं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि होकार दिला. संध्याकाळपर्यंत सगळ्या रस्त्याला सांगून झालं होतं. न्हाव्याने त्याच्याकडून दाढीचे पैसे घेतले नाहीत.

मला वाटलं, आता तरी तो तिचं नाव सांगेल. दुसरा मार्गच कुठे होता? साधं चौकोनी घरसुद्धा काढता न येणारा माणूस तो.

जायच्या दिवशी सकाळी मी दुकानाला कुलूप लावत होते. माझी बहीण ट्युनिसला असते, म्हणून मीही त्यांच्याबरोबर निघाले होते. समोर काचेतून पाहिलं, मोंधेर उजव्या मनगटाला लांबलचक पट्टी गुंडाळत होता. एक टोक दातांत धरलेलं. जलीला समोर उभी राहून बघत होती. मी आत गेले तेव्हा तो तिला म्हणत होता, "पिन लाव जरा इथे. माझा हात पुरत नाही."

तिने लावली.

मी तिला बाहेर ओढलं. "तुझं डोकं ठिकाणावर आहे का?"

"लोकांसमोर मी काढणार आहे. त्याची शिष्या म्हणून."

"आणि तू हो म्हणालीस?"

"झकिया, भिंतीवर लागणार ती चित्रं तर माझीच ना? मी ती कधी लांबून बघितली नाहीत. मांडीवर पुठ्ठा घेऊन काढते, मग तो उचलून नेतो. मला एकदा उभं राहून, चार पावलं मागे जाऊन बघायचंय. नावाचं काय, ते नंतर बघू."

लुआजमध्ये, गावोगाव जाणाऱ्या त्या शेअर गाडीत, तिने खिडकीची जागा घेतली. मोंधेर पुढे ड्रायव्हरशेजारी बसला आणि वाटेतलं मेजेझ गाव येईपर्यंत त्याला मनगट कसं लचकलं ते सांगत राहिला. जिना, पाय घसरला, हात टेकला. मेजेझनंतर त्या गोष्टीत एक मांजरही आलं.

दालन पांढरंशुभ्र होतं. मोंधेरच्या वाट्याच्या भिंतीवर आमची सगळी गल्ली माणसाएवढी मोठी होऊन लागली होती. मी, भाकरीवाली, पोलीस, कोऱ्या हनुवटीची बेया खाला. सगळे गुळगुळीत आणि चकचकीत. आम्ही सगळे नुकतेच न्हाव्याकडून उठून आल्यासारखे दिसत होतो. मूळ कागद खाली काचेच्या सपाट पेट्यांत ठेवले होते. प्रत्येकाभोवती रुंद पांढरी चौकट, इतकी रुंद की खालचा कोपरा तिच्याखाली झाकलेला.

जलीला चार पावलं मागे गेली. बघत उभी राहिली. मी तिचं तोंड बघत होते, आणि मला तिच्याजवळ जावंसं वाटेना.

लोक आधी भिंतीवर बघत, मग वाकून पेटीत. एका चष्मेवाल्याने विचारलं, "ही काय, कच्ची आहेत का?"

"हो," मोंधेर म्हणाला. "पहिला हात."

चित्र काढायची वेळ आली. मॅडम इस्महानने सांगितलं की सी मोंधेरना दुखापत झाली आहे, त्यांच्याऐवजी त्यांच्या पत्नी आणि शिष्या काढतील. लोकांनी हळहळून त्याच्या पट्टीकडे पाहिलं. एका म्हाताऱ्याला खुर्चीवर बसवलं. पूर्वी बंदरावर काम करणारा, कानात श्रवणयंत्र घातलेला आणि त्यामुळे प्रत्येकाकडे मान तिरकी करून बघणारा. जलीलाने काढायला घेतलं. थोड्या वेळात तिला तो म्हातारा दिसायला लागला आणि आम्ही दिसेनासे झालो. ती तिरकी मान, ऐकू येण्यासाठी पुढे आलेला तो अख्खा चेहरा, सगळं आलं. म्हातारा उठून चित्राजवळ गेला आणि खो-खो हसला. "ही तर माझी बायको म्हणते तसा मी!"

मॅडम इस्महान पुढे आल्या. चांगल्या बाई होत्या, मनात काही नव्हतं त्यांच्या. त्यांनी चित्र बघितलं, भिंतीकडे बघितलं आणि गोड आवाजात म्हणाल्या, "हात जोरकस आहे. पण सी मोंधेरची सफाई यायला अजून वेळ लागेल, नाही का?"

लोकांनी माना डोलावल्या.

जलीलाने पेन्सिल खाली ठेवली. "ही सगळी चित्रं माझी आहेत," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "भिंतीवरची, पेटीतली, सगळी. त्याने एकही काढलेलं नाही. चौकटी उचला, खाली डाव्या कोपऱ्यात माझी सही आहे."

मी म्हटलं, "खरं आहे. मी समोरच राहते. मी शपथेवर सांगते."

कोणीतरी मागून म्हणालं, "शेजारीण असावी तर अशी," आणि दोघंतिघं हसली.

मॅडम इस्महानने एका पेटीचं झाकण उघडलं, चौकट थोडी वर केली. सही होती. त्यांनी मोंधेरकडे पाहिलं. सगळ्यांनीच मोंधेरकडे पाहिलं. मी त्याचं तोंड बघत होते आणि खरं सांगते, पापणी लवेपर्यंत मला वाटलं की हा आता कबूल करणार. त्याचे ओठ हलले. मग त्याने पट्टी बांधलेला हात छातीवर ठेवला.

"बरोबर आहे ती म्हणते ते," तो म्हणाला. "आमच्या घरात माझं-तिचं असं काही नाही. जे माझं ते तिचंच. मीच सांगतो तिला, सही तू कर."

आधी एकाने टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. एका बाईने डोळे पुसले आणि आपल्या नवऱ्याला कोपर मारलं, 'शीक जरा' म्हणून. मॅडम इस्महानने जलीलाच्या खांद्यावर हात टाकून दोघांना शेजारी उभं केलं आणि फोटो काढून घेतला. त्या फोटोत जलीला हसतेय असं लोक म्हणतात. तोंड उघडं आहे, एवढंच. ती काहीतरी बोलत होती, टाळ्यांत ऐकू गेलं नाही.

बहिणीकडे राहायचं सोडून मी त्याच संध्याकाळी त्यांच्याबरोबर परत फिरले. जलीलाला एकटीला त्याच्याबरोबर सोडवेना. या वेळी तो मागे, आमच्या शेजारी बसला. शहर संपलं तशी त्याने पट्टी सोडली.

"तुला राग आलाय," तो म्हणाला. "पण विचार कर. ते तुला खोटारडी म्हणाले असते. मी तुझा मान राखला."

जलीला बाहेर बघत होती.

"दुसरा कोणी असता तर बायकोला सगळ्यांसमोर वेडी ठरवलं असतं त्याने. मी म्हटलं का तसं? मी तर म्हटलं, तिचंच आहे."

"मोंधेर," ती म्हणाली, "तू कधीतरी एक तरी चित्र काढायचा प्रयत्न केलास का?"

त्याने सोडलेली पट्टी गुंडाळून खिशात घातली. मग म्हणाला, "तुझी चित्रं माझ्याशिवाय खोक्यात पडून राहिली असती. उंदरांनी खाल्ली असती."

"हो," ती म्हणाली. "ते खरं आहे."

त्यानंतर तिने त्याला चित्र दिलं नाही. स्वतःचं पेज उघडलं, स्वतःच्या नावाचं. खिडकीशी कागद धरून फोनने फोटो काढायचा आणि तसाच टाकायचा. पिवळा कागद, वाकडी कड, कधी तिच्याच बोटाची सावली. मला ती आवडायची. पण लोकांनी काय लिहिलं? 'सी मोंधेरची नक्कल.' 'उस्तादाची शैली चोरताना लाज वाटत नाही?' 'नक्कल करायची तर निदान नीट तरी करा.' जुनी चित्रंही तिने मूळ रूपात टाकली, सहीसकट. मग तर कहरच झाला. मोंधेरच्या चाहत्यांनी एकगठ्ठा तक्रारी केल्या की ही बाई त्याची चित्रं खराब करून स्वतःच्या नावावर खपवते. काही दिवसांत पेज बंद झालं.

मी स्वतः मोंधेरकडे गेले. "तू एक ओळ लिही. एकच. 'ती खरी आहे' म्हणून."

"लिहितो," तो म्हणाला. "जरा हे थंड होऊ दे."

थंड झालं. त्याने लिहिलं नाही.

जलीला ऑलिव्हच्या तोडणीला आईकडे गेली आणि राहिलीच. भांडण नाही, काझी नाही, काही नाही. मोंधेर विचारणाऱ्यांना सांगायचा, सासूबाईंची तब्येत बरी नाही. बेया खाला अजूनही शेळ्यांच्या मागे डोंगर चढते.

हिवाळ्यात मी तिकडे गेले होते, एका लग्नाचा झगा पोचवायला. जलीलाने मला भाकरी आणि तेल वाढलं, अंजिरं ठेवली. मी विचारलं, काढतेस का? तिने कपाटातून कागद आणून दिले. शेळी राखणारी मुलगी, आई चुलीशी, शेजारचा पाटावरून पाणी सोडणारा माणूस. मी एकेक बघत गेले. चांगली होती. स्वच्छ होती. जिथे रेघ हवी तिथे एकच रेघ. सावल्या गुळगुळीत.

"दिसलं ना तुला?" ती म्हणाली. "मी रेघ ओढते, आणि ती ओढायच्या आधीच तो बसलेला असतो खुर्चीत, पुसायला. मग मी दुसरी ओढतच नाही. हात आपोआप साफ काढतो आता. झकिया, मी आईचं तोंड काढलं, आणि ते बंद आहे."

बेया खाला चुलीजवळून ओरडली, "बंद नाहीये, मी ऐकतेय सगळं!" आम्ही दोघी हसलो. मग जलीलाने कागद आवरून परत कपाटात ठेवले.

वसंतात मोंधेर तिकडे जाऊन आला. नवीन काही नसल्यामुळे तो जुन्याच चित्रांचे तुकडे जोडून नवी माणसं बनवत होता, पोलिसाचे डोळे, भाकरीवालीचं कपाळ. लोकांच्या काही लक्षात येत नव्हतं, पण तुकडे संपत आले होते. त्याने जाताना परदेशी कागद नेला, पेन्सिलींचा लाकडी डबा नेला. या वेळी नाव घालीन म्हणाला.

"कुठे?" तिने विचारलं.

"खाली. माझ्या नावाच्या खाली."

तिने चहा केला, बदाम घातले, तो प्याला. तिने काही दिलं नाही आणि त्यानेही पुन्हा मागितलं नाही. कागद आणि डबा तिथेच ठेवून आला. हे त्यानेच मला सांगितलं, दुकानाच्या पायरीवर बसून, आणि वर विचारलं, "मी तिचं काय वाईट केलं गं, झकिया? तूच सांग." मी सांगितलं. त्याला ते पटलं नाही.

परवा एक माणूस दुकानात आला, समुद्रकाठच्या सूस शहराहून गाडी चालवत. हातात चौकटीत बसवलेलं चित्र होतं, पेजवरून छापून घेतलेलं. बायकोच्या वाढदिवसाला त्याला तिचं तसंच चित्र हवं होतं. म्हणाला, "चित्रकाराचं दुकान इथेच आहे ना? समोर बंद दिसतंय."

मी म्हटलं, "ज्या बाईने काढलंय ती डोंगरापलीकडे राहते. अंधार पडायच्या आत पोचाल. मी रस्ता सांगते."

"बाई नको हो," तो म्हणाला. "मला सी मोंधेर हवेत."

मी त्याला खुर्ची दिली. मोंधेर जेवायला गेला होता, येईलच म्हटलं.